कॉम्प्युटरला घातलेली आंघोळ

मला आवाज काढता येतात. माणसांचे, स्कूटरचे, मिक्सरचे, लाईट गेल्यावर पंखा थांबता थांबता जो सुस्कारा टाकतो त्याचासुद्धा. शाळेत मास्तरांच्या आवाजात हजेरी घेतली म्हणून मार खाल्लाय, आणि मार खाताना त्यांचाच आवाज काढला म्हणून परत खाल्लाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या खंडेनवमीला जी फजिती झाली, फजिती कसली, जीव घशात आला होता, त्यात अर्धा हात या आवाजांचा होता. उरलेला अर्धा माझ्या अकलेचा.

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली. त्यात एक टेबल, एक जुना काळा फोन, एक कॉम्प्युटर आणि मी. रक्त देणाऱ्या लोकांची यादी सांभाळायची, एवढंच काम. दवाखान्यातून चिठ्ठी यायची, अमुक ग्रुपचं रक्त पाहिजे. मी कॉम्प्युटरला विचारायचो, तो नावं सांगायचा, मी फोन लावायचो. गेल्या तीन महिन्यांत ज्यानं रक्त दिलंय त्याचं नाव तो आपणहून गाळायचा. झाडझूड करायला एक मावशी यायच्या. माझ्यापेक्षा ऑफिसची काळजी त्यांनाच जास्त.

ते दिवस जोडाजोडीचे होते. जिकडे बघावं तिकडे दोन ऑफिसांचं एक होत होतं, चार वह्यांची एक फाईल होत होती, आणि साहेब लोक त्याला 'इंटिग्रेशन' म्हणत होते. आमच्याकडेही शहरातल्या मंडळाची एक वही होती आणि आमच्या स्टेशनकडच्या लालबागच्या मंडळाची दुसरी. दोन्ही मंडळांचं एकमेकांशी बोलणं नाही. एकच माणूस दोन्ही वह्यांत, दोन्हीकडून फोन, आणि मग तो वैतागून कुणालाच रक्त देत नसे. शेवटी सर मध्ये पडले. सर म्हणजे गणिताचे रिटायर झालेले मास्तर. त्यांनी दोन्ही वह्या चार महिने बसून कॉम्प्युटरात घातल्या. आणि वही कुणाकडे राहणार यावरून परत भांडण नको म्हणून दोन्ही मंडळांनी मिळून ठरवलं की वह्यांचं विसर्जन करायचं. खरंच केलं. राजघाटावर, नारळ-बिरळ फोडून, दोन्ही वह्या तापीला दिल्या. मी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखी कॉमेंट्री केली होती, 'और ये लाल रंग की वही, घुटने तक पानी में...' लोक हसून हसून पाण्यात पडायचे बाकी होते.

म्हणजे कागदावर काही उरलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

सरांनी यादी चालवायला जी स्क्रिप्ट लिहिली होती ती हॅस्केल नावाच्या भाषेत होती. आमच्या गावात ही भाषा लिहिणारा माणूस एकच, आणि तो धोतर नेसायचा. मी म्हणायचो, 'सर, यूट्यूबवर सगळे पायथन पायथन करतात, तुम्ही हे काय काढलं?' सर चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे. 'बाकीच्या भाषांत कॉम्प्युटरला हुकूम सोडतात. हे कर, मग ते कर. इथं फक्त सांगायचं, काय म्हणजे काय. एकदा नाव दिलं की त्याचा अर्थ बदलायचा नाही. लक्षात येतंय? नाही येत. येईल.'

मला थोडं थोडं येत होतं, खोटं नाही सांगत. स्क्रिप्ट म्हणजे दीड पानाचा मजकूर. आयकॉनवर क्लिक केलं की कॉम्प्युटर तो वाचतो आणि काम करतो. पण ते दीड पान एकटं चालत नाही. त्याच्यामागे पॅकेजं लागतात, म्हणजे दुसऱ्या लोकांनी आधीच करून ठेवलेलं काम. तारखा मोजणारं एक, अक्षरं सांभाळणारं एक, कुलूप उघडणारं एक. कुलूप अशासाठी की लोकांचे फोन नंबर कुणी पळवू नयेत म्हणून सरांनी यादीची फाईल बंद करून ठेवली होती. ती उघडायची रीत फक्त त्या स्क्रिप्टला माहीत. दुसरी प्रत नाही. 'लोकांचे नंबर ऑफिसच्या बाहेर जायचे नाहीत,' हा सरांचा नियम. ते स्वतःच्या घरीसुद्धा नेत नसत.

मग सरांना झटका आला. अर्धांगाचा. हात सुधारला, पाय सुधारला, जीभ नाही सुधारली. शब्द 'क'नं सुरू झाला की त्यांची गाडी अडायची. डोळे मिटायचे, ओठ एका बाजूला ओढले जायचे, आणि तो 'क' आतून ढकलत ढकलत बाहेर यायचा.

गणपतीत मंडळाचा कार्यक्रम होता. मला माईक दिला की माझं डोकं चालत नाही, फक्त तोंड चालतं. मी अध्यक्षांचा आवाज काढला, मावशींचा काढला, लोक म्हणाले और, और. आणि मी सरांचा काढला. क-क-कॉम्प्युटर. डोळे मिटून, ओठ ओढून, सगळं. लोक इतके हसले की मी परत केला. मग हसू मागून एकेक करून बंद पडायला लागलं. मी मागे बघितलं. सर दारात उभे होते, हातात प्रसादाचा द्रोण.

सर दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात यायचे थांबले.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पॉवरलूमसुद्धा बंद. आदल्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून घ्यायची, लूम, पाना, कात्री, सायकल, शिलाई मशीन. नवमीला सकाळी हार, हळद-कुंकू, पूजा. मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मावशी आदल्या दुपारी म्हणाल्या, 'तुझ्या डबड्याला पण धू रे. उद्या त्यालाच हार घालायचाय.'

मी ब्रश घेतला, कीबोर्ड झटकला. पारले-जीचा अर्धा पुडा निघाला. मग मला हुक्की आली. म्हटलं, बाहेरून काय, आतून आंघोळ घालू. कॉम्प्युटर कित्येक दिवस लाल पट्टी दाखवत होता, डिस्क भरत आलीय म्हणून. शोधत गेलो तर एक लपलेलं फोल्डर, नावाच्या आधी टिंब, आत कितीतरी जीबी. त्यात सरांचं म्हणावं असं काही नाही. नुसती हातभर लांब नावं, आकडे, परत आकडे. म्हटलं, हाच मळ.

'मावशी, पाठ घासू का?'

'घास, घास.'

मी शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे कायमचं. लाल पट्टी हिरवी झाली. मावशींच्या आवाजात म्हणालो, 'आहाहा, कसं स्वच्छ वाटतंय बाई!' मावशींनी झाडू फेकून मारला. आम्ही दोघं हसलो.

ती सगळी पॅकेजं होती. आणि ती भाषा स्वतः पण तिथंच राहत होती.

नवमीला सकाळी मावशींनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, स्क्रीनवर स्वस्तिक काढलं, माउसला कुंकू लावलं. पेढा ठेवला. मी मोबाईलवर आरती लावली. दहा वाजले असतील, उदबत्ती अजून अर्धीच जळली होती, आणि दारात एक माणूस आला. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात चिठ्ठी. चिठ्ठी घामानं ओली झालेली.

'भाऊ, इथंच रगत भेटस ना?'

डोईफोडिया गावचा होता. त्याची बायको आदल्या संध्याकाळपासून दवाखान्यात. दिवस भरत आलेले, आणि रक्त जायला लागलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की संध्याकाळपर्यंत वाट बघता येणार नाही, दुपारी ऑपरेशन करावं लागेल, आणि दोन बाटल्या हातात असल्याशिवाय सुरी उचलणार नाही. ग्रुप ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच बाटली. खंडव्याला फोन केलेला, तिथं नाही. चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं, देणारा माणूस एकच्या आत आणा, तपासायला वेळ लागतो. 'एकच्या' खाली दोन रेघा मारलेल्या.

'बस दादा, पाच मिनिटात नावं काढून देतो,' मी म्हणालो. शिफारसपत्र द्यावं तशा थाटात म्हणालो.

मावशी आडव्या आल्या. 'हात नको लावू! पूजा झालीय.'

'मावशी, बाई ॲडमिट आहे.'

त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग स्वतःच पेढा बाजूला केला आणि माउसचं कुंकू पदरानं पुसलं.

मी आयकॉनवर क्लिक केलं. काळी खिडकी उघडली आणि डोळा लवायच्या आत बंद झाली. परत क्लिक केलं. उघडली, बंद. पाच-सहा वेळा. आणि मग आदल्या दिवशीचं ते फोल्डर डोळ्यासमोर आलं, टिंबासकट.

त्या माणसाला काय कळणार? तो स्वस्तिकाकडे बघून हात जोडून उभा होता. त्याला वाटलं, पूजेचाच काही भाग चाललाय.

मोबाईलचं हॉटस्पॉट चालू केलं, फोन खिडकीच्या गजात अडकवला, कारण रेंज तिथंच यायची. नेटवर बघून बघून हॅस्केल नव्यानं टाकलं. नवंकोरं, अगदी ताजं. आयकॉन सोडून त्यातूनच स्क्रिप्ट चालवली. कॉम्प्युटर म्हणाला, हे अमुक पॅकेज सापडत नाही. ते टाकलं. म्हणाला, तमुक नाही. ते टाकलं. ते म्हणालं, मला चालेल पण माझ्यासोबत तिसरं पाहिजे, आणि ते जुनं पाहिजे, नवं चालणार नाही. तिसरं जुनं आणलं तर पहिलं रुसलं. अगदी आमची दोन मंडळं. एक स्टेजवर चढलं की दुसरं खाली उतरतं. स्क्रीनभर लाल अक्षरं, आणि त्यांच्यावर झेंडूचा हार. बोटं हारात अडकत होती, तरी तो काढायची हिंमत होत नव्हती.

मध्येच यादीची फाईल नुसती उघडून बघितली. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटेसुलटे आकडे. यातच कुठंतरी तीन-चार माणसं बसली आहेत, ज्यांच्या अंगात तिचं रक्त आहे, आणि मला ती दिसत नाहीत.

मग आठवायचा प्रयत्न केला. माझी मेमरी नंबरांची नाही, आवाजांची आहे. ओ निगेटिव्हवाला एक मला ऐकू येत होता. प्रत्येक वाक्याला 'हाओ' म्हणायचा. 'हाओ, येतो की. हाओ, कुठं यायचं?' मागे पॉवरलूमची खटखट. आवाज हुबेहूब काढता आला असता. पण नाव? नंबर? काही नाही. अख्ख्या बुऱ्हाणपुरात 'हाओ' म्हणणारे आणि लूमवर काम करणारे किती? मोजायला बसलो तर दिवाळी उजाडेल.

'भाऊ, व्हई ना?' तो माणूस म्हणाला. फक्त एवढंच. होईल ना?

घड्याळात साडेअकरा. मी त्याला 'होईल' म्हणालो, आणि तो आवाज माझा नव्हता. कुणाचा होता देव जाणे. इतके आवाज काढलेत, पण हा मी कधी ऐकला नव्हता.

मावशी माझ्या खांद्याशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'सरांना फोन लाव.'

'मावशी...'

'लाव म्हणते ना. ती बाई मेली तर तुझ्या नकला कोण बघणार रे?'

खरं सांगतो, बाई मरेल याची भीती होती आणि सर फोन उचलतील याचीही. या दोन भीत्या एका तराजूत घालायच्या नसतात हे कळत होतं, तरी त्या क्षणी फोन उचलायला माझा हात जड झाला होता. एक मिनिट तरी मी नुसता डायल बघत बसलो. त्या मिनिटाची मला आजही लाज वाटते.

सरांनी उचलला. मी भडाभडा सगळं सांगितलं. आंघोळ, फोल्डर, बाई, एक वाजता.

मग सर म्हणाले, 'वरची ओळ वाच.'

'कुठली सर? स्क्रिप्टची? वर तर...'

'वरची. ती... क...'

आणि गाडी अडली.

मला ऐकू येत होतं. तो श्वास, ओठ ओढले जातानाचा बारीक आवाज, क, क. मी स्टेजवर जे केलं होतं ते अगदी बरोबर केलं होतं, एकूण एक. फक्त त्यात एक गोष्ट नव्हती, जी आत्ता होती: पलीकडचा माणूस घाई करत होता. त्याला माहीत होतं की वेळ नाही. आणि जितकी तो घाई करत होता तितका शब्द आत जात होता. घड्याळाचा काटा चालत होता, दारात तो माणूस टॉवेल पिळत होता, आणि मी फोन कानाला धरून थांबलो. मध्ये बोललो नाही. बोलायची हिंमतच नव्हती.

'...कॉमेंट,' सर म्हणाले.

स्क्रिप्टच्या अगदी वर, पहिल्या ओळीखाली, दोन आडव्या रेघा मारून एक ओळ लिहिली होती. दोन रेघा म्हणजे कॉमेंट. म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप, कॉम्प्युटर ती वाचत नाही. असं आपण शिकलो. म्हणून ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती.

'सर, पण कॉमेंट तर कॉम्प्युटर सोडून देतो ना?'

'भाषा सोडते. स्टॅक नाही सोडत. तो तीच वाचतो.'

हळूहळू, 'क' टाळत टाळत, सरांनी सांगितलं. स्टॅक म्हणजे पॅकेजं आणून देणारा प्रोग्रॅम. तो त्या फोल्डरबाहेर राहत होता म्हणून आंघोळीतून वाचला होता. त्या ओळीत सरांनी त्याच्यासाठी लिहून ठेवलं होतं की भाषा कुठल्या वयाची पाहिजे आणि पॅकेजांचा कुठला संच पाहिजे. एका विशिष्ट दिवशी एकमेकांशी पटणारी सगळी पॅकेजं मोजून, तपासून बांधलेला एक गठ्ठा असतो. त्याला एक नंबर असतो. तो नंबर दिला की नवं-जुनं भांडण नाही. आयकॉन दाबल्यावर जी काळी खिडकी उघडून बंद होत होती, तो स्टॅकच होता बिचारा. नेट द्या, मी सगळं परत आणतो, असं सांगत होता. मी हॉटस्पॉट लावल्यावर परत आयकॉन दाबलाच नाही. शहाणपणा करत बसलो.

'सर, मग आता?'

'नेट आहे?'

'आहे.'

'दाब.'

दाबलं. या वेळी काळी खिडकी बंद झाली नाही. आधी भाषा उतरायला लागली. मग पॅकेजं, एकेक. खाली आकडा, इतक्यांपैकी इतकी झाली. त्या गठ्ठ्यातली आपल्याला लागणारी तीसेक होती, आणि प्रत्येक आल्यावर तिथंच नव्यानं बांधून घ्यायची. कुलपाचं पॅकेज सगळ्यात जाड. ते बांधताना आकडा हललाच नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. सरांनी फोन ठेवला नव्हता. मधूनमधून ते विचारायचे, 'हललं?' मी म्हणायचो, 'नाही सर.'

मोबाईलला चार्जर लावला तर तो खिडकीपर्यंत पुरेना. मावशी स्टुलावर चढून मोबाईल हातात वर धरून उभ्या राहिल्या. 'ये वरती, तूच उभा राहा, तुला उंची दिलीय देवानं,' असं त्या माणसाला म्हणाल्या. मग तो उभा राहिला. हात वर करून, डोळे मिटून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की डोळे मिट.

बारा वाजून वीस मिनिटांनी काळ्या खिडकीत रोजचा प्रश्न आला, मराठीत, सरांनी लिहिलेला: 'कुठला गट हवा?'

मी टाईप केलं. बोटांना घाम इतका की दोनदा चुकलं. तीन नावं आली.

सरांना म्हणालो, 'आली सर, आली.' पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पहिलं नाव. नंबर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. दुसरं नाव. त्याची बायको म्हणाली, ते तर सुरतेला लागले कामाला, पाच महिने झाले. तिसरा उचलला आणि म्हणाला, 'हाओ, बोला.'

मला रडू यायचं बाकी होतं. तोच आवाज. मी म्हणालो, 'भाऊ, रक्तदात्यांच्या ऑफिसातून बोलतोय. ओ निगेटिव्ह, अर्जंट, एकच्या आत...'

'हाओ हाओ,' तो म्हणाला, 'ओळखलं. मागच्या वेळी डॉक्टर झाला होता ना तू? माझं रक्त निळं निघालं म्हणून सांगितलं होतं. दोन दिवस मी भात सोडला होता, माहीत आहे? आज कोण आहेस? सिव्हिल सर्जन?'

'भाऊ, खरंच...'

'सण आहे यार. जा, पेढे खा.' आणि ठेवला.

परत लावला. त्यानं उचलला आणि न बोलता ठेवला. तिसऱ्यांदा लावला. वाजत राहिला.

मी आयुष्यात एवढा घाबरलो नाही. कारण आता दोष पॅकेजांचा नव्हता. आता मी होतो आणि माझा आवाज होता, आणि तो कुणी खरा मानायला तयार नव्हता. मी खरंच घाबरून बोललो तरी लोकांना वाटणार, काय मस्त करतो रे हा घाबरलेल्या माणसाचा आवाज.

चौथ्यांदा लावला. उचलल्याचं कळताच मी काही न बोलता फोन त्या डोईफोडियाच्या माणसाच्या हातात दिला.

त्यानं फोन उलटा धरला. मावशींनी सरळ केला. तो मोठ्यानं बोलायला लागला, शेतातून शेतात हाक मारतात तसा.

'भाऊ, मी डोईफोड्याना शे. मनी बायको दवाखानामा शे. रगत चाललं शे तिनं. डॉक्टरीण सांगस का तुमनं रगत चालस. मी खोटं नही बोलत, भाऊ. तुम्ही या. मी तुमले घेवाले येऊ का? कुठं राहतस तुम्ही?'

मग तो ऐकत राहिला. मान हलवली. फोन माझ्याकडे दिला.

पलीकडचा म्हणाला, 'दवाखाना कुठला?' यावेळी हाओ नव्हतं.

'भाऊ, मी आणायला येतो, गाडी आहे माझी.'

'इतवारा मोहल्ल्यात ये. मशिदीसमोर उभा राहतो. आणि सुन, रस्त्यात एक शब्द बोलू नको.'

नाही बोललो. तो मागे बसला होता, कपाळाला टिळा, हाताला लूमचं तेल, नखांत हळद. बाजारात झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्यांचे गाडे, ट्रॅक्टरवर केळीचे खांब, त्यातून मी हॉर्न वाजवत गाडी काढली. एरवी हॉर्नसुद्धा मी तोंडानं वाजवतो. एकला दहा कमी असताना त्याला रक्तपेढीच्या दारात सोडलं. आत जाता जाता तो म्हणाला, 'लूमला सुट्टी होती म्हणून आलो हाओ, नाहीतर मालकानं सोडलं नसतं.' मग थांबला. 'निळं निघालं तर सांग.'

त्यानं सुई टोचून घेतली तेव्हा मी बाहेर भिंतीला टेकून उलटी केली. फक्त पेढा निघाला.

दुपारी ऑपरेशन झालं. मी तिथंच बाकावर बसून होतो. डोईफोडियाचा माणूस पण बसला होता. साडेचारला नर्सनं दार उघडून त्याला आत बोलावलं. नर्सचा चेहरा असा की काहीच कळत नाही. पाच मिनिटांनी तो बाहेर आला. टॉवेल तोंडावर धरलेला. मला वाटलं संपलं. त्यानं टॉवेल काढला, तर हसत होता.

'पोरगी,' म्हणाला. 'दोन्ही बऱ्या शेत.'

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं घेऊन मोठ्यांच्या पाया पडायला जायचं असतं. सरांच्या घराच्या जिन्यात मी किती वेळ उभा होतो सांगत नाही. हातातली आपट्याची पानं घामानं मऊ झाली. वर गेलो. सर खुर्चीत बसले होते, धोतर, चष्मा. मी पाया पडलो, पानं हातात दिली. माफी मागायचं वाक्य घरून पाठ करून आणलं होतं, ते आलंच नाही. वाक्य गेलं ते गेलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बोलायला तोंड उघडलं आणि 'क'वर अडले.

मला वाटलं, आता येणार. 'कशाला आलास?' किंवा 'कार्ट्या'. मी मान खाली घालून थांबलो. शब्द त्यांच्या आत धडका देत होता, आणि मी जिन्याकडे एक पाय तयार ठेवला होता.

'...कशी आहे ती?' सर म्हणाले.

'बरी आहे सर. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.'

सरांनी मान हलवली. आपट्याची पानं उलटसुलट करून बघितली. आतून त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला.

'आणि बॅकअप?' सर म्हणाले.

'काय सर?'

'त्या फोल्डरचा. परत सगळं उतरवलंस. त्याची एक प्रत घेतलीस?'

घेतली नव्हती. तो विचारच डोक्यात आला नव्हता. आणि आत्ता ऑफिसात मावशी एकट्या होत्या, कॉम्प्युटरचा हार उतरवत, हातात ओलं फडकं.

चहा तसाच टाकून मी जिना उतरायला लागलो. वरून सरांचा आवाज आला, 'कठडा धर!' त्यातला 'क' न अडता निघाला, पण ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी पळत होतो.